ठिपक्यांचा हिशेब

उत्पत्तीच्या पुस्तकाच्या तिसाव्या अध्यायात मजुरीच्या एका विलक्षण कराराची हकिकत आहे. याकोबाने आपला सासरा लाबान याच्याकडे वर्षानुवर्षे राबून त्याचे कळप वाढवले. आता तो मोबदला मागतो. हा मोबदला सोन्यानाण्याचा नाही, रंगाचा आहे. यापुढे कळपात जी ठिपकेदार, चितकबरी आणि काळसर करडे-कोकरे निपजतील ती याकोबाची आणि एकरंगी निपजतील ती लाबानाची, असे ठरते. लाबान मोठा हिशेबी. त्याच दिवशी तो कळपातली सगळी ठिपकेदार जनावरे वेचून आपल्या मुलांच्या हवाली करतो आणि तीन दिवसांच्या वाटेवर धाडून देतो. याकोबाच्या हाती उरतो तो केवळ एकरंगी कळप. तरीही पुढील विणींत ठिपकेदार पिल्ले जन्मास येतातच. याकोब पाणवठ्यावर सोललेल्या काठ्या उभ्या करतो आणि त्यांचा हा प्रभाव आहे असे त्याला वाटते. पण पुढच्याच अध्यायात तो एका स्वप्नाविषयी सांगतो. काठ्यांचा त्यात उल्लेख नाही. लाबानाने आपल्याशी केलेले वर्तन देवाने पाहिले आहे, हे त्या स्वप्नात त्याला कळते.

आज शाळेतला विद्यार्थीही या घटनेची उपपत्ती सांगू शकेल. एकरंगी दिसणाऱ्या जनावरांच्या देहात ठिपक्यांचा वारसा दडलेला असू शकतो. दोन्ही बाजूंनी तो एकत्र आला की पिल्लाच्या अंगावर प्रकट होतो. लाबानाने डोळ्यांना दिसणारे ठिपके दूर नेले, न दिसणारे तेवढे मागे राहिले. ही उपपत्ती ज्याने प्रथम मांडली तो ऑगस्टिनियन संघाचा संन्यासी होता, ही गोष्ट आपण ख्रिस्ती वाचकांनी अभिमानाने आणि काहीशा जबाबदारीनेही लक्षात ठेवायला हवी. ग्रेगोर मेंडेल यांनी ब्रनो येथील आपल्या मठाच्या बागेत १८५६ ते १८६३ या काळात वाटाण्याची सुमारे २८,००० रोपे वाढवून तपासली. १८६५ मध्ये त्यांनी आपले निष्कर्ष वाचून दाखवले आणि १८६६ मध्ये ते छापले गेले. १८८४ मध्ये मेंडेल निवर्तले तोवर त्यांचे मोल कोणी जाणले नव्हते. ते १९०० मध्ये जगाच्या ध्यानी आले.

मेंडेल यांचे हे गणित आज ज्या हजारो घरांत नित्याच्या वापरात आहे, त्यांत पाळीव पालींची पैदास करणाऱ्यांची घरेही आहेत. वाचकांना नवल वाटेल. आपल्याकडे पाल अंगावर पडली की शुभाशुभ पाहतात आणि भिंतीवर दिसली की केरसुणी हाती घेतात. अमेरिकेत आणि युरोपात मात्र ‘लेपर्ड गेको’ नावाची पाल हौसेने पाळतात. हिच्या पिवळसर अंगावर बिबट्यासारखे काळे ठिपके असतात. इतर बहुतेक गेको पालींना नसतात अशा पापण्या हिला असतात. जाड शेपटीत ती चरबीची बेगमी करून ठेवते आणि नीट सांभाळली तर पंधरा-वीस वर्षेही जगते. तिचे मूळ घर मात्र आपल्या शेजारचे. पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि वायव्य भारत येथील रुक्ष, खडकाळ मुलखात ती राहते. १८५४ मध्ये कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहालयाचे प्रमुख एडवर्ड ब्लिथ यांनी तिचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. तिची एक भावंड-जात महाराष्ट्रात आणि गुजरातेत आढळते आणि सातपुड्याच्या रांगांतून आणखी एका जातीचे वर्णन २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. खडकांच्या कपारींत दिवस काढून रात्री किडे टिपणारा हा निरुपद्रवी जीव आपला शेजारी आहे, याची आपल्यापैकी अनेकांना कल्पनाही नसेल.

या पालीचा मूळ वेष पिवळा-काळा. पण १९९०च्या दशकापासून पैदास करणाऱ्यांच्या पेट्यांतून निराळ्या रंगांची पिल्ले बाहेर येऊ लागली. काहींच्या अंगावर ठिपकाच नव्हता, काही फिकट पांढरी, काही नारिंगी, तर काहींचे डोळे पूर्ण काळे. काळे रंगद्रव्य हरवलेली, म्हणजे अल्बिनो, पिल्लेही निपजली आणि तीही एकमेकांशी संबंध नसलेल्या तीन वेगवेगळ्या घराण्यांत. या तीन घराण्यांची कथा बोधप्रद आहे. दोन निरनिराळ्या घराण्यांतील अल्बिनो नर-मादीचा जोड लावला तर पिल्ले अल्बिनो निपजत नाहीत, मूळ रंगाची निपजतात. दोघांचे वैगुण्य दोन वेगळ्या जनुकांतले असल्यामुळे एकाची उणीव दुसरा भरून काढतो. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन अभावांची कारणे भिन्न असू शकतात, हे सत्य पालीपुरतेच खरे आहे असे नव्हे.

या व्यवहारात प्रामाणिकपणाची कसोटी पाहणारी आणखी एक गोष्ट आहे. अप्रभावी गुण पोटात बाळगणारे, पण अंगावर न दाखवणारे नर-मादी एकत्र आले, तर चार पिल्लांमागे सरासरी एकात तो गुण दिसतो, दोघांत तो दडून राहतो आणि एकात मुळीच नसतो. म्हणजे साध्या दिसणाऱ्या तिघांपैकी दोघे वाहक. म्हणूनच बाजारात अशी साधी पिल्ले ‘वाहक असण्याची शक्यता ६६ टक्के’ अशा चिठ्ठीनिशी विकली जातात. मेंडेल यांचे गुणोत्तर असे किंमतपत्रिकेवर येऊन बसले आहे. ही चिठ्ठी खरी की खोटी हे विकत घेणाऱ्याला कळायला पिल्लू वयात येऊन त्याची वीण होईपर्यंत थांबावे लागते. तोवर सारा व्यवहार विक्रेत्याच्या सद्सद्विवेकावर चालतो.

सगळेच काही जनुकांच्या हाती नसते, हेही सांगितले पाहिजे. या पालीत नर की मादी हे अंड्याला मिळणाऱ्या उबेवर ठरते. सुमारे २६ अंश सेल्सिअसला जवळजवळ सगळ्या माद्या निपजतात, तर ३२-३३ अंशांच्या आसपास बहुतांश नर. अंगाच्या रंगाच्या उजळपणावरही या उबेचा परिणाम होतो. माणूस तापमापकावरचा काटा थोडा पुढे-मागे करतो आणि एका जीवाचे लिंग ठरते! सत्ता किती सहजपणे हाती येते आणि हाती आल्यावर ती सत्ता आहे याचे भानही किती सहज सुटते, याचे इतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. केवळ डोळ्यांच्या सुखासाठी एखाद्या प्राण्याचा वंश घडवणे नैतिक आहे काय? घाईने ‘नाही’ म्हणून चालणार नाही. गुलाबाचे वाण, कबुतरांच्या जाती, सोनेरी मासे हे सारे माणसाच्या सौंदर्यदृष्टीतूनच आले आहे. चर्चच्या १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथानेही माणसाने प्राणी पाळावेत, कामासाठी आणि विरंगुळ्यासाठीही पाळावेत, हे वैध मानले आहे. पेटीतल्या पैदाशीमुळे रानातून पकडून आणलेल्या पालींची गरज कमी होते, असे पाळणारे म्हणतात आणि त्यात तथ्य आहे. फिकट वा ठिपकेरहित पाल रानात कदाचित लवकर शिकार होईल, पण पेटीत तिला शिकाऱ्याचे भय नाही. अल्बिनोच्या डोळ्यांना प्रखर उजेड सोसत नाही. पण हा प्राणीच मुळात संधिप्रकाशातला, त्याला सावली देणे मालकाच्या हातात असते. तेव्हा रंगासाठी केलेली प्रत्येक निवड पाप ठरत नाही. प्रश्न गहन होतो तो रंग आणि यातना एकाच धाग्याने विणलेल्या असतात तेव्हा.

अशी दोन उदाहरणे या छंदाच्या इतिहासात आहेत. पहिले ‘एनिग्मा’, म्हणजे कोडे, या नावाच्या प्रकाराचे. २००६ च्या सुमारास तो पुढे आला. हा गुण प्रभावी आहे, म्हणजे आई किंवा बाप यांपैकी एकाकडून आला तरी पुरतो. विखुरलेल्या ठिपक्यांमुळे हे रूप अनेकांना मोहक वाटले. पण हळूहळू ध्यानात आले की यांतील अनेक पाली मान वाकडी करून राहतात, जागच्या जागी गोल गोल फिरतात, वर टक लावून पाहत बसतात आणि समोरचा किडा टिपताना नेम चुकतात. काहींना झटके येतात. रंगाबरोबर तोल जाण्याचा विकारही वारशाने येत होता.

दुसरे उदाहरण ‘लेमन फ्रॉस्ट’चे. गेल्या दशकात अमेरिकेत एक लिंबासारखा फिकट, जणू दहिवर पडलेला नर जन्मला. त्याला ‘मिस्टर फ्रॉस्टी’ असे लाडके नाव मिळाले. तो आपले रूप पिल्लांना देतो असे दिसताच त्या रंगाला हजारो डॉलरांचे मोल आले. पैदासकार स्टीव्ह साइक्स यांनी त्याचा वंश वाढवला. मात्र काही काळाने त्या पिल्लांच्या कातडीवर पांढऱ्या गाठी दिसू लागल्या. साइक्स यांनी पैदास थांबवली आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस येथील लिओनिड क्रुग्लियाक यांच्या प्रयोगशाळेला आपल्या प्राण्यांचे नमुने दिले. २०२१ मध्ये त्या संशोधनाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पालीच्या कातडीत सूक्ष्म स्फटिकांनी प्रकाश परतवणाऱ्या पेशी असतात, पांढरेपण त्यांच्यामुळे येते. लेमन फ्रॉस्टमध्ये या पेशी बेसुमार वाढतात आणि त्याच वाढीतून अर्बुद तयार होते. या रंगाच्या ८० टक्क्यांहून अधिक पालींमध्ये सहा महिने ते पाच वर्षे या वयात अशा गाठी आढळल्या. या बदलामागे ‘स्पिंट-१’ हे जनुक असावे असे पुरावे सांगतात. माणसाच्या त्वचेच्या कर्करोगाशीही त्याचा संबंध दिसून आला आहे.

येथे क्षणभर थांबून विचार करण्यासारखे काही आहे. रंग ही देणगी आणि रोग हा तिच्यासोबत चिकटलेला दुर्दैवी अपघात, अशी ही दोन वेगळी प्रकरणे नाहीत. ज्या पेशींच्या अतिरेकाला आपण ‘दहिवर’ म्हणून वाखाणले, तोच अतिरेक पुढे गाठ झाला. पाहणाऱ्याच्या दृष्टीने ते सौंदर्य होते, वाहणाऱ्याच्या देहात ते आजाराचे पहिले पाऊल होते. अशा वेळी ‘निवड करत करत रंग ठेवू आणि रोग काढून टाकू’ हे काहींचे आश्वासन कितपत खरे ठरेल, याची शंका घ्यायला जागा आहे. आणि मनात शंकेची पाल चुकचुकल्यावरही जो नवी जोडी लावतो, त्याला ‘मला ठाऊक नव्हते’ ही ढाल उरत नाही. पहिल्या पिल्लाच्या जन्माबद्दल कोणी दोषी नव्हते, उत्परिवर्तन आपोआप घडले. दोष जन्मतो तो ज्ञानानंतर. साइक्स जाणल्यावर थांबले आणि आपले आर्थिक नुकसान पत्करून त्यांनी सत्य उजेडात येऊ दिले, हे येथे कौतुकाने नोंदवले पाहिजे.

तथापि तत्त्वज्ञानाच्या अंगाने एक कठीण आक्षेप पुढे येतो. समजा, गाठी झालेल्या एका पालीकडे बोट दाखवून आपण पैदास करणाऱ्याला म्हटले, ‘हिच्यावर तुम्ही अन्याय केलात.’ तो उत्तर देईल, ‘मी ती जोडी लावली नसती तर ही पाल निरोगी जन्मली नसती, ती जन्मलीच नसती. तिला चार वर्षांचे आयुष्य मिळाले. तिने ऊब अनुभवली, किडे खाल्ले. न असण्यापेक्षा असणे बरे नव्हे काय? मग मी तिचे हिरावले तरी काय?’ हा युक्तिवाद वरवर पाहता निरुत्तर करणारा आहे. तो आपल्या श्रद्धेच्या भाषेतही सांगता येतो, कारण अस्तित्व हे वरदान आहे असे आपणच मानतो.

शिवाय त्यात आपल्यासाठी एक धोकाही दडलेला आहे. ‘अशी पाल जन्माला येऊच नये’ असे आपण म्हटले, तर हाच न्याय उद्या माणसाला कोणी लावील. गर्भातल्या मुलात वैगुण्य दिसले की ‘हे न जन्मलेलेच बरे’ असे म्हणणारे जग आपल्याभोवती आहे आणि त्या जगाला आपण ठामपणे ‘नाही’ म्हणत आलो आहोत. मग पालीच्या बाबतीत ‘होय’ आणि मुलाच्या बाबतीत ‘नाही’, ही विसंगती नव्हे काय?

मला वाटते, विसंगती नाही. मात्र त्यासाठी आपण नेमका कशाचा न्याय करतो आहोत हे स्पष्ट हवे. आपण त्या जीवाच्या मोलाचा न्याय करत नाही. गाठी आलेली पालही देवाचीच निर्मिती आहे. ती जगली पाहिजे, तिला शक्य तेवढा आराम मिळाला पाहिजे. आपण न्याय करतो तो तिला जन्मास घालणाऱ्या हेतूचा. व्यंग असलेले मूल ज्या आईबापांच्या पोटी येते, त्यांनी ते व्यंग मागितलेले नसते. ते मूल जसे आले तसे स्वीकारतात आणि त्या स्वीकारातच प्रेमाची परिसीमा असते. पैदास करणारा याच्या नेमके उलट करतो. तो येणाऱ्या जीवाचा स्वीकार करत नाही, त्याची मागणी नोंदवतो आणि त्या मागणीत दुःख हा एक मान्य केलेला खर्च असतो. फरक असा की हा खर्च तो स्वतः भरत नाही. रंगाचा आनंद पाहणाऱ्याचा, पैसा विकणाऱ्याचा, आणि बिल मात्र पालीच्या कातडीवर. ज्यांना गर्भातले मूल नको असते आणि ज्याला रोगट पाल हवी असते, त्यांची वृत्ती खोलवर एकच आहे. जीवाने आपल्या पसंतीच्या नमुन्याप्रमाणे असावे, हा दोघांचाही हट्ट. त्या हट्टाला दोन्हीकडे ‘नाही’ म्हणणे यातच सुसंगती आहे.

यावरून पहिल्या आक्षेपाचेही उत्तर सापडते. अन्याय व्हायला प्रत्येक वेळी कोणाचे काही हिरावून घ्यावे लागते असे नाही. विश्वासाने सोपवलेली गोष्ट भलत्या कामी लावणे हाही अन्यायच. धर्मशिक्षणग्रंथ प्राणी माणसाच्या देखरेखीखाली सोपवले आहेत असे म्हणतो आणि त्यांना विनाकारण यातना देणे हे मानवी प्रतिष्ठेला विसंगत आहे, असेही बजावतो. हा मानवी प्रतिष्ठेचा उल्लेख मार्मिक आहे. संत थॉमस अक्वायनस यांनीही सांगितले होते की मुक्या जनावरांशी क्रूरपणे वागण्याची सवय माणसाशी क्रूर वागण्याकडे नेते. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात त्यापुढचे पाऊल टाकले. प्रत्येक जीवाला माणसाच्या उपयोगापलीकडे स्वतःचे मोल आहे आणि उत्पत्तीच्या पुस्तकातील ‘सत्ता गाजवा’ या आज्ञेचा अर्थ निरंकुश मालकी असा लावता येणार नाही, हे त्यांनी स्पष्ट केले. म्हणजे दुखावली जाते ती पालही आणि खालावतो तो माणूसही.

कायद्यालाही हे काही प्रमाणात उमगले आहे. जर्मन भाषेत अशा पैदाशीसाठी ‘यातना-पैदास’ या अर्थाचा स्वतंत्र शब्दच आहे. ज्या जोडीच्या संततीला वारशाने वेदना वा व्यंग येणार हे अपेक्षित आहे, अशी पृष्ठवंशीय प्राण्यांची पैदास तेथील प्राणिसंरक्षण कायदा निषिद्ध मानतो. परंतु कायद्याचा हात प्रत्येक घरातल्या उबवणपेटीपर्यंत पोहोचत नाही. तेथे मनालाच विचारावे लागते आणि विचारण्याचे प्रश्न तीनच. हा रंग प्राण्याच्या अंगावर नुसता राहतो की त्याच्या देहाशी वैर धरतो? हे मला ठाऊक आहे काय, किंवा प्रयत्न केला तर ठाऊक होऊ शकते काय? आणि ठाऊक झाल्यावर मी थांबलो काय? विकत घेणाऱ्यालाही हे प्रश्न चुकत नाहीत, कारण मागणी नसती तर जोड लागलीच नसती. लेमन फ्रॉस्टच्या अभ्यासातून उद्या माणसाच्या कर्करोगावर काही उजेड पडेल तर आपण देवाचे आभार मानू. पण त्या लाभाने आधीची पैदास समर्थनीय ठरत नाही. संशोधकांनी अस्तित्वात आलेल्या दुःखापासून ज्ञान मिळवले, ते ज्ञान मिळावे म्हणून नवे दुःख निर्माण करत राहण्याचा परवाना त्यातून निघत नाही.

शेवटी पुन्हा याकोबाकडे पाहू. तिसाव्या अध्यायातला याकोब हिशेबी आहे. तो धष्टपुष्ट जनावरांपुढेच काठ्या ठेवतो, दुबळी लाबानाच्या वाट्याला जाऊ देतो आणि त्यातून श्रीमंत होतो. कळप त्याच्यासाठी मजुरी आहे. पण काही वर्षांनी, देवदूताशी रात्रभर झुंजून लंगडत झालेला हाच याकोब आपला भाऊ एसाव याला भेटतो. एसाव म्हणतो, चल, आपण बरोबर जाऊ. तेव्हा याकोब नम्रपणे नकार देतो. माझ्याबरोबर कोवळी मुले आहेत, दूध पाजणाऱ्या मेंढ्या आणि गाई आहेत. एक दिवस जरी त्यांना दामटले तरी सारा कळप मरेल. तू पुढे हो, मी त्यांच्या चालीने हळूहळू येतो, असे तो सांगतो.

कळप तोच आहे, ठिपकेही तेच आहेत. बदलला आहे तो मेंढपाळ. आधी तो जनावरांच्या अंगावरचे ठिपके मोजत होता, आता तो त्यांची पावले मोजतो. वंशशास्त्राने आपल्या हाती याकोबाच्या काठ्यांहून कितीतरी खात्रीची साधने दिली आहेत आणि ती पालीपाशी थांबणार नाहीत. ती वापरताना आपण कोणत्या अध्यायातला याकोब असणार, हे मात्र कोणतेही जनुक ठरवत नाही.